ब्रिटिश पेपरांना वेसण घालायची तर कोणी?

बोरूबहाद्दर (धागाकर्ता):

परवा घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रिन्स हॅरीवरून जुंपली. जानेवारी २०२५ मध्ये 'द सन' हा पेपर काढणाऱ्या मरडॉकच्या कंपनीने कोर्टाबाहेर त्याला पैसे दिले, जाहीर माफी मागितली आणि 'द सन'साठी काम करणाऱ्या खाजगी गुप्तहेरांनी बेकायदा उद्योग केल्याचं त्या माफीत कबूल केलं. झालं, एकजात सगळे म्हणायला लागले की या पेपरवाल्यांना सरकारनेच वेसण घातली पाहिजे. मी एकटा उलट बाजूला. तिथे माझा मुद्दा पुरा होईपर्यंत मध्ये दोन वाढदिवस आणि एक गुड मॉर्निंग येऊन गेलं, म्हणून इथे मांडतो.

ब्रिटनमध्ये वेसण आधीपासूनच आहे, आणि ती भलत्याच्या नाकात आहे. इंग्लंडच्या अब्रुनुकसानीच्या कायद्यात फिर्यादीला 'हे खोटं आहे' असं सिद्ध करावं लागत नाही. 'हे खरं आहे' हे छापणाऱ्याने सिद्ध करायचं. ऐकायला न्याय्य वाटतं. पण फायदा कोणी उठवला? रॉबर्ट मॅक्सवेल स्वतः 'मिरर'चा मालक, आणि त्याच्याबद्दल कोणी वेडंवाकडं लिहिलं की नोटीस दारात. १९८६ मध्ये 'प्रायव्हेट आय' या टवाळ मासिकाविरुद्ध तो जिंकलासुद्धा. १९९१ मध्ये तो समुद्रात मेलेला सापडला आणि मग कळलं की 'मिरर'च्या कामगारांच्या पेन्शनचे ४० कोटी पौंडांहून जास्त पैसे गायब आहेत.

कादंबरीकार जेफ्री आर्चरने १९८७ मध्ये बदनामीच्या दाव्यात 'डेली स्टार'कडून ५ लाख पौंड घेतले (न्यायाधीशमहाराज ज्युरीपुढे आर्चरबाईंच्या दरवळाचं कौतुक करत होते, थट्टा नाही). २००१ मध्ये त्याच खटल्यात खोटी शपथ घेतल्याबद्दल त्याला चार वर्षांची सजा झाली. हॅरॉड्स या बड्या दुकानाचा मालक मोहम्मद अल-फायेद बायकांशी कसा वागतो याबद्दल एका अमेरिकन मासिकाने १९९५ मध्येच लिहिलं होतं. त्याने दावा ठोकला, पुढे प्रकरण मिटलं. तो २०२३ मध्ये गेला, आणि २०२४ मध्ये बीबीसीच्या माहितीपटात वीसहून जास्त बायका बोलल्या. मेलेल्याची अब्रू हा कायदा राखत नाही, म्हणून तिथली मोठमोठी पापं तेराव्यानंतर छापून येतात.

आणि याच्यावर आता सरकारमान्य नियामक? २०१३ च्या क्राइम अँड कोर्ट्स अ‍ॅक्टमधलं कलम ४० आठवा. मान्यता मिळालेल्या नियामकाकडे नाव नोंदवलं नसेल तर पेपरने खटला जिंकला तरी समोरच्याचा खर्च साधारणपणे पेपरनेच भरायचा. खरं छापा, जिंका, वर पैसे भरा. ते कधी लागूच झालं नाही आणि २०२४ मध्ये रद्द झालं, हे उत्तम झालं.

लेस्टरकरीण:

असहमत, आणि जोरात असहमत. मॅक्सवेल, आर्चर, फायेद. तुमच्या यादीत बसने फिरणारा एक तरी माणूस दाखवा.

मी दाखवते. ब्रिस्टलचे निवृत्त शिक्षक क्रिस्टोफर जेफरीज. डिसेंबर २०१० मध्ये त्यांच्या एका भाडेकरू मुलीचा खून झाला. पोलिसांनी यांना धरलं, दोन-तीन दिवसांनी सोडलं. तेवढ्यात पेपरांनी त्यांचे केस, त्यांचा स्वभाव, त्यांची शिकवण्याची पद्धत, सगळं काढून माणूस खुनी असल्यासारखा उभा केला. खुनी शेजारी राहणारा निघाला. आठ पेपरांनी भरपाई दिली, 'मिरर'ला ५० हजार आणि 'सन'ला १८ हजार पौंड दंड झाला तो कोर्टाच्या अवमानाबद्दल. संपादकांपैकी कोणाच्या केसांबद्दल कोणी लिहिलं नाही.

दुसरं, हिल्सबरो. १९८९ मध्ये फुटबॉल स्टेडियममध्ये चेंगराचेंगरी झाली, मृतांचा आकडा पुढे ९७ झाला. 'सन'ने चार दिवसांत पहिल्या पानावर 'द ट्रूथ' असा मथळा देऊन छापलं की लिव्हरपूलच्या लोकांनी मेलेल्यांचे खिसे कापले. धादांत खोटं. आता दावा कोणी लावायचा? मेलेल्यांना अब्रू नाही हे तुम्हीच सांगितलंत, आणि 'लिव्हरपूलचे प्रेक्षक' हा घोळका एवढा मोठा की कायद्याच्या लेखी त्यात कोणा एकाची बदनामीच नाही. पहिल्या पानावर माफी आली २०१२ मध्ये. तेवीस वर्षांनी.

तिसरं घरचं. शेजारच्या दुकानात बेकायदा सिगारेटींसाठी छापा पडला आणि एका स्थानिक पेपरने फोटो छापला तो माझ्या सासऱ्यांच्या दुकानाच्या पाटीचा. सात महिने पत्रं लिहिल्यावर आतल्या पानात चार ओळींचा खुलासा. तो सासऱ्यांनाही भिंग लावून शोधावा लागला.

अर्धा चहा:

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पण एक आठवण: लंडनच्या कोर्टाचा आणि आपला संबंध जुना आहे. व्हॅलेंटाइन चिरोल 'टाइम्स'चा माणूस. त्याने टिळकांना हिंदी असंतोषाचे जनक म्हटलं, ते आपण पदवीसारखं मिरवतो. पण त्याच पुस्तकात त्यांचा संबंध खंडणीशी आणि राजकीय खुनांशी जोडला होता. टिळकांनी लंडनमध्ये दावा लावला, १९१९ मध्ये न्या. डार्लिंग आणि ज्युरीपुढे तो चालला, आणि टिळक हरले. बोरूबहाद्दर म्हणतात हा कायदा फिर्यादीच्या बाजूचा आहे. टिळकांना विचारा.

बोरूबहाद्दर:

@अर्धा चहा, चिरोल खटला माझ्याच बाजूने आहे हो! मुंबई सरकारने चिरोलला कागदपत्रं शोधून दिली, वकील म्हणून सर एडवर्ड कार्सन उभा. ज्याच्यामागे सत्ता तो जिंकला. १९१९ मध्ये ती लेखकामागे होती, नंतर ती फिर्यादींकडे गेली. सत्तेच्या हातात आणखी एक हत्यार देऊ नका एवढंच मी म्हणतोय.

काळा कोट:

लंडनमध्ये वकिली करतो, अब्रूचे दावे माझा विषय नाही, पण शेजारच्या टेबलावर चालतात. दोघांच्याही माहितीवर थोडी धूळ आहे.

२०१३ च्या डिफमेशन अ‍ॅक्टने (जानेवारी २०१४ पासून लागू, इंग्लंड आणि वेल्ससाठी) बरंच बदललं. आता फिर्यादीला आपल्या लौकिकाला 'गंभीर हानी' झाली हे दाखवावं लागतं, आणि २०१९ च्या लाशो खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की शब्द वाईट आहेत एवढं म्हणून भागणार नाही, प्रत्यक्ष परिणाम दाखवा. सार्वजनिक हिताचा बचाव कलम ४ मध्ये आला. ज्युरी जवळपास गेली, त्यामुळे दरवळाची भाषणं बंद. फौजदारी बदनामी तर २०१० मध्येच रद्द झाली. आपल्याकडे ती सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये वैध ठरवली आणि भारतीय न्याय संहितेतही ३५६ कलमात कायम आहे. मुंबईत बसून ब्रिटिश कायद्याला हसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पण खरी गोम कायद्याच्या कलमात नाही, बिलात आहे. मॉडेल नेओमी कॅम्पबेलने 'मिरर'विरुद्ध खासगीपणाचा खटला जिंकला. भरपाई ३,५०० पौंड. 'मिरर'पुढे आलेलं खर्चाचं बिल १० लाख पौंडांच्या वर. तीन हजार रुपयांच्या भांड्यासाठी दहा लाखांची मिरवणूक. याला कारण 'जिंकलो तरच फी' हा करार: वकील हरण्याची जोखीम घेतो, म्हणून जिंकल्यावर फी वाढवून लावतो, आणि ती वाढ हरलेल्याने भरायची. २०११ मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क कोर्टाने म्हटलं की ही वाढ पेपरांच्या गळ्याला फास आहे.

आता लेस्टरकरीणताईंसाठी कडू गोळी. जेफरीज लढू शकले ते नेमके या करारामुळे, हे त्यांनी स्वतः लेव्हसन चौकशीत (पेपरांच्या वागण्याची सरकारने नेमलेली चौकशी) सांगितलं आहे. आणि एप्रिल २०१९ पासून ती वाढ जिंकणाऱ्यालाच आपल्या खिशातून द्यावी लागते. सरकारी कायदेशीर मदत अब्रूच्या दाव्यांना जवळजवळ मिळतच नाही. म्हणजे पेपरांचा फास सैल करताना जेफरीजसारख्यांची शिडी काढून घेतली.

लेस्टरकरीण:

@काळा कोट, गोळी गिळली. पण मग कलम ४० ची योजना वाईट कशी? त्यात स्वस्त लवाद होता. नियामकाकडे नाव नोंदवा, सामान्य माणसाची तक्रार कोर्टाबाहेर थोड्या पैशात ऐका, आणि खर्चाची भीती विसरा. नोंदवायचं नसेल तर खर्च सोसा. सक्ती कुठे होती?

आज काय आहे? २०१४ मध्ये पेपरवाल्यांनी इप्सो ही आपली स्वतःची नियामक संस्था काढली. पैसा पेपरांचा, नियमावली लिहिणाऱ्या समितीत बहुसंख्य संपादक. १० लाख पौंडांपर्यंत दंड करायचा अधिकार कागदावर आहे. पहिल्या दहा वर्षांत एकदाही वापरला नाही. आणि भेदभावाचा नियम फक्त व्यक्तीला लागू. एखाद्या अख्ख्या समाजाबद्दल काहीही लिहा, त्या नियमाखाली तक्रार बसत नाही. आमच्यासारख्यांनी हे रोज वाचायचं.

बोरूबहाद्दर:

पैसा कोणाचा हेच बघायचं असेल तर इम्प्रेसकडे बघा. २०१६ मध्ये मान्यता मिळालेला एकमेव नियामक. त्याला चालवणारा पैसा मॅक्स मोझलीच्या कौटुंबिक ट्रस्टकडून आलेला, म्हणजे ज्याने २००८ मध्ये 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' या पेपरकडून खासगीपणाच्या खटल्यात ६० हजार पौंड वसूल केले तोच. पेपरांचा पैसा वाईट आणि पेपरांवर डूख धरणाऱ्याचा चांगला?

दंड झाला नाही हे कबूल. पण २०१६ मध्ये 'सन'ने राणीचा ब्रेक्झिटला पाठिंबा असल्याचा मथळा दिला, तो दिशाभूल करणारा असल्याचा निर्णय इप्सोनेच दिला आणि 'सन'ला तो छापावा लागला.

रात्रपाळी:

तीस वर्षं मराठी पेपरात उपसंपादक होतो, रात्री बारानंतर मथळे दिले आहेत, म्हणून मध्ये तोंड घालतो.

'न्यूज ऑफ द वर्ल्ड' जुलै २०११ मध्ये बंद पडलं ते कुठल्या नियामकामुळे नाही, कुठल्या दाव्यामुळेही नाही. त्या पेपरचे लोक इतरांच्या फोनवरचे निरोप चोरून ऐकतात, याचा 'गार्डियन'च्या एका बातमीदाराने दोन वर्षं पाठपुरावा केला म्हणून. तेव्हाच्या प्रेस कम्प्लेंट्स कमिशनने तर २००९ मध्ये उलट 'गार्डियन'लाच टोचणी दिली होती आणि नंतर तो अहवाल मागे घेतला. १६८ वर्षांचा पेपर एका आठवड्यात गेला.

पण गंमत पुढे आहे. ज्या बातमीने तो पेपर पाडला, त्यात एक चूक होती. खून झालेल्या शाळकरी मुलीच्या फोनवरचे निरोप पेपरच्या लोकांनी पुसले, त्यामुळे आईबापांना मुलगी जिवंत असल्याची आशा वाटली, असं छापलं होतं. निरोप चोरून ऐकले होते, हे खरं. पुसण्याबद्दल मात्र पोलिसांनी पुढे सांगितलं की ते पेपरच्या लोकांनी केलं असण्याची शक्यता कमी आहे. 'गार्डियन'ने डिसेंबर २०११ मध्ये दुरुस्ती दिली.

आता मला सांगा. 'प्रत्येक वाक्य सिद्ध करा' असा धाक असता, तर ती बातमी रात्री अडीचला माझ्यासारख्या कोणीतरी उचलून बाजूला ठेवली असती. वकिलाला फोन केला की तो नेहमी एकच सांगतो, काढून टाका. त्याला कधीच कोणी विचारत नाही की काढून टाकल्यामुळे काय बुडालं.

(अवांतर: 'कथित' लिहिलं की सुटलो, असं समजणारे बातमीदार मी पोत्याने पाहिले. इंग्लंडमध्ये 'अमुक म्हणतो' म्हणून छापलं तरी ते तुम्हीच म्हटल्यासारखं धरतात.)

अर्धा चहा:

मग चूक झाली तर माफ, असं म्हणायचंय?

रात्रपाळी:

नाही. खोटं आणि चूक यांत फरक करा म्हणतोय. 'सन'ने हिल्सबरोत केलं ते पोलिसांच्या बाजूने आलेलं न तपासता, वर 'सत्य' अशी मोहोर मारून. 'गार्डियन'ने चूक कळल्यावर ती छापली, बातमीनंतर पाच महिन्यांत. मला नियामकापेक्षा एक नियम द्या: जेवढ्या पॉइंटात मथळा, तेवढ्या पॉइंटात आणि त्याच पानावर माफी. बघा किती संपादकांची झोप उडते.

लेस्टरकरीण:

+१. पण तो नियम पाळायला लावणार कोण? शेवटी कोणीतरी हवाच ना.

बोरूबहाद्दर:

मी माझा कलम ४० चा मुद्दा सोडत नाही. पण खर्चाबाबत काळा कोट बरोबर आहेत. पत्रकार कॅरोल कॅडवॅलडरचं उदाहरण माझ्याच बाजूचं म्हणून आणणार होतो. ब्रेक्झिटच्या प्रचाराला पैसा पुरवणाऱ्या अ‍ॅरन बँक्सने पेपरला सोडून तिच्यावर वैयक्तिक दावा लावला, एका भाषणातल्या वाक्यासाठी. २०२२ मध्ये ती सार्वजनिक हिताच्या बचावावर जिंकली. २०२३ मध्ये अपिलात ठरलं की परिस्थिती बदलल्यावरही भाषण नेटवर राहिलं, तेवढ्यापुरती ती हरली. ३५ हजार पौंड भरपाई, आणि वर खर्चाचा डोंगर. तिच्या जागी लेस्टरकरीणताईंचे सासरे ठेवले तरी हिशेब तोच, हे लिहितानाच लक्षात आलं. २०२३ च्या कायद्याने असे छळवादी दावे लवकर फेटाळायची सोय केली, पण ती फक्त आर्थिक गुन्ह्यांच्या बातम्यांपुरती.

काळा कोट:

पेपरांचंही सगळं वाईट नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये नट नोएल क्लार्क 'गार्डियन'विरुद्ध हरला. सत्य आणि सार्वजनिक हित, दोन्ही बचाव टिकले, कोर्टात बायकांनी स्वतः साक्ष दिली. २०१३ चा डिफमेशन अ‍ॅक्ट चालतो याचा मला तरी हा चांगला पुरावा वाटतो. 'गार्डियन' तो खटला शेवटपर्यंत लढू शकलं, हा अर्थात वेगळा भाग.

लेस्टरकरीणताई, एक विचारतो. सासऱ्यांनी दावा का नाही लावला? पाटीचा फोटो, परिसरातलं दुकान, गिऱ्हाईक तुटलेलं. गंभीर हानी दाखवता आली असती.

लेस्टरकरीण:

पहिले सात महिने त्या खुलाश्यात गेले. मग इप्सोकडे जावं म्हटलं, तर तिथे छापल्यापासून चार महिन्यांची मुदत, आणि बातमी नेटवर असेल तर वर्षापर्यंत बघतात. पेपरने तोवर नेटवरून ती काढून टाकली होती, आम्हाला तो मोठेपणा वाटला. सासरे म्हणाले, आता वकीलच बघू. ओळखीतला एक सापडला, त्याची वेळ मिळाली, कागद घेऊन गेलो. त्याने तारीख पाहिली आणि फाइल बंद केली. अब्रूच्या दाव्याला मुदत एक वर्ष. आम्हाला तेरा महिने झाले होते.