मदत हवी आहे: प्रेशर पंप लावल्यापासून सोलरचं पाणी कोमट येतंय

पुण्यात बंगला, गच्चीवर २०० लिटरचा ट्यूबवाला (ईटीसी) नॉन-प्रेशराइज्ड सोलर. शॉवर टाकीच्या तळापासून साधारण ६ फूट खाली. थंड पाण्याच्या लाइनवर दीड बारचा प्रेशर पंप बसवल्यापासून गरम नळाला कोमट पाणी येतं आणि पंप चालू असताना सोलरच्या एअर व्हेंटमधून (टाकीत हवा ये-जा करण्याची उघडी नळी) पाणी ठिबकतं.

ट्यूब शाबूत आहेत, काचा पुसल्या, गाळ काढला. टाकीच्या आउटलेटला पहाटेही पाणी कढत असतं, म्हणजे इन्सुलेशनचा प्रश्न नाही. पंप बंद केला की सगळं ठीक. म्हणजे मिक्सरमधून थंड पाणी गरम लाइनीत घुसतंय, एवढं नक्की. संशय हेल्थ फॉसेटसारख्या हँड शॉवरवर आहे: तो हातातल्या बटणाने बंद होतो, पण मिक्सरच्या दोन्ही चाव्या उघड्याच राहतात. घरात कितीही सांगा, कोणी त्या बंद करत नाही.

प्लंबर म्हणतो, गरम लाइनीतही पंप टाका. पण टाकी प्रेशरची नाही. पंप पाणी ओढत असताना व्हेंट चोंदला तर आतली टाकी चेपेल, ही भीती. शिवाय पंपाचे सील ८० अंशांना टिकायला हवेत. टाइल्स फोडायच्या नाहीत, पाणी बोअरचं, क्षारयुक्त.

मिक्सरच्या गरम अँगल कॉकपाशी अर्ध्या इंचाचा एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) लावला तर ६ फुटांच्या दाबावर शॉवरला पुरेशी धार येते का? स्प्रिंगचा घ्यावा की झडपेचा, आणि क्षाराने किती दिवसांत अडकतो?