शब्दचर्चा : ‘उदास’ म्हणजे दुःखी की मोकळा?

प्रश्न

आमच्या भजनी मंडळात परवा तुकोबांचा ‘जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी’ हा अभंग झाला. मंडळातल्या एका काकूंचे यजमान जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. अभंग संपल्यावर त्या म्हणाल्या, “मी तर दिवसभर उदासच असते. मग मला हे साधलं म्हणायचं का?” सगळे गप्प झाले. ‘उदास’ आणि ‘उदासीन’ एकच का? संत आपल्याला दुःखी राहायला सांगतात का? काकूंना नीट उत्तर द्यायचं आहे, म्हणून विचारते.

प्रतिसाद

ताई, काकूंचं दुःख आणि तुकोबांचं ‘उदास’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांना हे आधी सांगा. बाकीची चर्चा नंतर.

मूळ संस्कृत. ‘उद्’ आणि ‘आस्’, म्हणजे बसणे. उदासीन म्हणजे बाजूला बसलेला, कोणत्याही पक्षात नसलेला. गीतेच्या सहाव्या अध्यायात सुहृद, मित्र, अरी यांच्या रांगेत ‘उदासीन’ येतो. तो दोस्तही नाही, वैरीही नाही. कौटिल्याच्या राजमंडळात, म्हणजे मित्र-शत्रू राजांच्या मांडणीत, उदासीन राजा असतो. लढाईच्या बाहेर असलेला आणि चांगलाच बलवान. दुःखाचा तिथे काही संबंध नाही. बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणं सांगताना ‘उदासीनो गतव्यथः’ असे दोन शब्द लागून येतात. उदासीन, आणि ज्याची व्यथा गेली आहे असा. आजच्या अर्थानं वाचलं तर ‘दुःखी आणि दुःख नसलेला’ असं होईल.

रामदासांनी तर मनाच्या श्लोकांत अर्थ हातातच दिला आहे : ‘उदासीनता तत्त्वता सार आहे । सदा सर्वदा मोकळी वृत्ति राहे’. पहिल्या चरणातल्या शब्दाचा खुलासा पुढच्या चरणात, आणि तो शब्द आहे ‘मोकळी’. मला यापेक्षा चांगली व्याख्या कुठे सापडलेली नाही.

तुकोबांच्या ओळीतला ‘उदास’ही याच अर्थाचा, आणि ‘वेच’ म्हणजे खर्च. चांगल्या व्यवहारानं पैसा मिळव आणि त्यात जीव न गुंतवता खर्च कर, एवढंच. त्याच अभंगात पुढे भूतदया आहे, गाईगुरांचं पालन आहे, रानात तहानलेल्याला पाणी देणं आहे. ज्याला कशाचंच काही वाटत नाही, तो रानात कुणासाठी पाणी घेऊन जाईल का?

एक शिक्षक

छोटीशी भर. जुना अर्थ मेलेला नाही, तो रसायनशास्त्रात सुखरूप आहे. आम्ही मुलांना ‘उदासीन द्रावण’ शिकवतो, आम्लही नाही आणि आम्लारीही नाही असं. ‘उदासिनीकरण’ही शिकवतो. ते द्रावण दुःखी का आहे, असं कुणी मूल विचारत नाही.

आणि वर्तमानपत्रातला तिसरा अर्थ विसरू नका. ‘प्रशासनाची उदासीनता’, ‘मतदारांची उदासीनता’. तिथे दुःखही नाही आणि मोकळेपणाही नाही, नुसती बेपर्वाई आहे. मला हा अर्थ सगळ्यात जास्त खटकतो, कारण त्यानं रामदासांची ओळ आज ऐकायलाच अवघड करून ठेवली आहे.

नागपूरहून

अगदी हेच ‘उपेक्षा’ या शब्दाचं झालं आहे. आमच्याकडे विहारात मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा हे चार ब्रह्मविहार, म्हणजे मनात वाढवायच्या चार वृत्ती, लहानपणापासून ऐकतो. योगसूत्रांतही हेच चार शब्द याच क्रमानं येतात. पण विहाराच्या बाहेर पडलं की ‘उपेक्षा’ म्हणजे दुर्लक्ष आणि ‘उपेक्षित’ म्हणजे ज्यांच्याकडे समाजानं पाहिलंच नाही ते. ज्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या उपेक्षा सोसली, त्यांनाच ‘उपेक्षा वाढवा’ असं सांगायचं, तर शब्द नीट उलगडावाच लागतो. ‘उप’ आणि ‘ईक्ष्’ म्हणजे जवळून पाहणे. पाहणं सोडणे नव्हे.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये दहा पारमिता, म्हणजे अंगी बाणवायचे गुण, सांगताना उपेक्षा आणि बेपर्वाई यांत स्पष्ट फरक केला आहे. फळानं विचलित व्हायचं नाही, तरीही त्यासाठी झटत राहायचं, असा त्यांचा रोख आहे. ज्यांनी सारं आयुष्य झटण्यात घातलं त्यांनी केलेला हा अर्थ आहे, म्हणून मला तो मोलाचा वाटतो.

यापेक्षा जुना आधार हवा असेल तर पाचव्या शतकातल्या बुद्धघोषांचा ‘विसुद्धिमग्ग’ पाहा. त्यात प्रत्येक ब्रह्मविहाराला दोन शत्रू सांगितले आहेत, एक दूरचा आणि एक जवळचा. उपेक्षेचे दूरचे शत्रू म्हणजे ओढ आणि चीड. ते चटकन ओळखू येतात. जवळचा शत्रू म्हणजे अज्ञानातून आलेली बेफिकिरी. ती दिसायला उपेक्षेसारखीच असते, म्हणून घातक. ‘उदासीनता’ शब्दाला आपल्या वर्तमानपत्रांत नेमक्या याच शत्रूनं गाठलं आहे.

प्रतिसाद

नागपूरच्या दादांचं वाचून ग्रीक आठवलं. स्टोइक तत्त्वज्ञ ‘अपाथेइया’ म्हणत. विकारांनी फरफटत न जाणारं मन, असा अर्थ. गुलामीत वाढलेला एपिक्टेटस आणि सम्राट मार्कस ऑरेलियस, दोघे याच परंपरेतले. पुढे चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातल्या ख्रिस्ती तपस्व्यांनी हा शब्द उचलला. त्यांच्यातला एवाग्रियस लिहितो की प्रेम हे अपाथेइयाचं अपत्य आहे. म्हणजे त्याच्या लेखी ती कोरडी अवस्था नव्हतीच, तिच्यातूनच माया जन्माला यायची. पण संत जेरोमला हे पटलं नाही. त्यानं लिहिलं की असा माणूस एक तर दगड असेल, नाहीतर देव. आणि इंग्रजीत आज त्याच शब्दाचा ‘अपथी’ होऊन बसला आहे, आपल्या मतदारांच्या उदासीनतेचा सख्खा भाऊ.

महाराष्ट्रातली उदासीनता, बुद्धांच्या मगधातली उपेक्षा, ग्रीसमधली अपाथेइया. तीन ठिकाणी एकाच अर्थाचे शब्द एकाच दिशेनं घसरले. मला वाटतं, बाहेरून पाहणाऱ्याला शांत माणूस आणि बेफिकीर माणूस सारखेच दिसतात, आणि भाषा बहुतेक वेळा बाहेरून पाहणाऱ्यांनीच घडवलेली असते.

जर्मनीहून

एक शब्द मात्र या घसरणीतून वाचला आहे. इथे ‘गेलासेनहाइट’ म्हणतात. माइस्टर एकहार्ट या मध्ययुगीन ख्रिस्ती साधकाकडून तो प्रचारात आला. मुळात ‘सोडून देणे’ या क्रियापदावरून. आज इथे कुणाला ‘गेलासन’ म्हटलं तर ते कौतुक असतं. घाई नाही, चिडचिड नाही, पण माणूस पूर्ण हजर आहे.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. पण मनात एक गाठ राहतेच. काकूंना ‘उदासीन म्हणजे मोकळं’ सांगितलं, तर त्या रडणं दाबतील अशी भीती वाटते. नातेवाईक आधीच ‘सबुरी ठेवा’ म्हणून त्यांना गप्प करतात.

प्रतिसाद

ताई, त्या नातेवाइकांना सबुरीचा अर्थच सांगायला हवा. हा शब्द अरबी ‘सब्र’मधून आपल्याकडे आला आणि शिर्डीच्या ‘श्रद्धा आणि सबुरी’मुळे घराघरांत पोचला. कुराणातल्या यूसुफच्या कथेत मुलगा हरवल्याची बातमी ऐकून यूसुफचे वडील याकूब म्हणतात, ‘सब्रुन् जमील’, सुंदर सबुरी. त्याच कथेत पुढे याच याकूबचे डोळे शोकानं पांढरे होतात. मुलं त्यांना बोल लावतात, तेव्हा ते म्हणतात, मी माझं दुःख अल्लाहपाशीच मांडतो. सबुरी आणि डोळे जाईपर्यंतचा शोक एकाच माणसात आहे, आणि कथा त्याला कुठेही कमी लेखत नाही.

तुकोबांचंही तेच. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळाबद्दल ते स्वतः सांगतात : ‘दुष्काळें आटिलें द्रव्य नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’. ‘अन्न अन्न’ हे शब्द त्यांनी गाळले नाहीत. ‘उदास विचारें’ लिहिणारा माणूस हाच. त्यामुळे त्याच्या शब्दाचा अर्थ ‘काही वाटून घेऊ नका’ असा लावणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

एक शिक्षक

वापराबद्दल माझं मत सांगतो. पोथी वाचताना, अर्थ सांगताना ‘उदासीन’साठी ‘मोकळा’ वापरावा. ‘अलिप्त’ थंड वाटतो, शिवाय तो परराष्ट्र धोरणात अडकला आहे. ‘तटस्थ’ म्हणजे काठावर उभा असलेला, आणि काकू काठावर नाहीत, त्या पाण्यात आहेत. ‘मोकळा’ रोजच्या बोलण्यातला आहे. आपण ‘मन मोकळं कर’ म्हणतो तेव्हा समोरच्याला बोलायला आणि रडायलाच सांगत असतो. रामदासांच्या ‘मोकळी वृत्ति’शी त्याचं भांडण नाही.

आणि एक. ‘उदास वाटणं’ आणि ‘नैराश्य’ हा आजार यांची गल्लत नको. झोप, भूक, कामात लक्ष, सगळंच आठवडेच्या आठवडे गेलं असेल, तर अभंगाचा अर्थ पुरेसा नाही, डॉक्टर हवेत. सरकारची ‘टेलि-मानस’ ही फोनसेवा 14416 वर आहे, मराठीतून बोलता येतं. काकूंजवळ तो आकडा असू द्या.

प्रश्नकर्ती

ठरलं. येत्या बैठकीत तोच अभंग पुन्हा घेऊ आणि ‘तान्हेल्या जीवन वनामाजी’ या चरणापासून अर्थ सांगायला सुरुवात करू, ‘उदास’वर नंतर येऊ. याकूबची गोष्टही सांगेन. मंडळातल्या दोघींना ती आधीपासून माहीत असेल, त्यांचं माहेर शिर्डीजवळचं आहे आणि शेजार मुसलमानांचा.