जुनी कंबरदुखी: मेंदूची भीती घालवली तर दुखणं जातं का?

सातपूरकर:
सहा वर्षं कंबर धरलेली. एमआरआयमध्ये डिस्क बल्ज, म्हणजे मणक्यांमधली गादी बाहेर फुगलेली, निघाला आणि त्या कागदाचीच धास्ती घेतली. पाण्याचा जार उचलायचा म्हटलं की हात लावायच्या आधीच अंग आखडायचं. शेवटी एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी सांगितलं, काहीच दुखत नाही अशा विशीतल्या लोकांचे एमआरआय काढले तरी साधारण ३० टक्के जणांत बल्ज दिसतो. इजा भरून येते, मेंदू मात्र धोक्याची घंटा वाजवत राहतो. आता कळ आली की पळत नाही. बसून बघतो, कुठे आहे, गरम की टोचरी, सरकतेय का. 'काही मोडलेलं नाही' असं स्वतःला सांगतो. परवा सोमेश्वरपर्यंत चालत गेलो! प्रत्येक जुन्या दुखणेकऱ्याला हे सांगायलाच हवं.

निफाडची सून:
दादा, तुम्हाला बरं वाटलं, आनंद आहे. पण मला पटत नाही. द्राक्षाच्या थिनिंगला माझ्या सासूबाई दिवसभर मांडवाखाली मान वर, हात वर करून मणी काढतात. रात्री उशीवर मान टेकवत नाही. त्यांना काय सांगू, भिऊ नका? 'सगळं मनाचं आहे' हे बायकांनी आधीच खूप ऐकलंय.

सातपूरकर:
मनाचं नाही म्हणत हो ताई. दुखणं खरंच असतं.

फिजिओ, इंदिरानगर:
अमेरिकेत बोल्डरला १५१ कंबरदुखीवाल्यांवर याचा अभ्यास झाला, २०२१ मध्ये छापून आला. ज्या ५० जणांना ही पद्धत दिली त्यातल्या ३३ जणांचं दुखणं चार आठवड्यांत गेलं किंवा नावापुरतं उरलं. म्हणून मी ती वापरते. पण ते लोक बरेचसे शिकलेले, हिंडते-फिरते होते. सासूबाईंच्या मानेवर रोज नवा ताण येतोय, तिथे आधी काम बदलायला हवं. आणि लघवी अडणं, पायातली ताकद जाणं, ताप, वजन घटणं यातलं काहीही असेल तर कुणीही कळ न्याहाळत बसू नका, डॉक्टर गाठा.

निफाडची सून:
काम कसं बदलणार, मॅडम? टोळी उक्त्यावर काम घेते. दहा मिनिटं बसलं की तेवढी झाडं मागे राहतात, पैसे कमी. बागायतदारांनी थिनिंगच्या दिवसांत रोजावर मजुरी द्यावी आणि तासातासाला मान खाली घेऊ द्यावी. तेवढं झालं तर तुमचं ते 'काही मोडलेलं नाही' मी सासूबाईंना रोज रात्री सांगेन.