मदत हवी आहे : मोटारसायकलचा बिगिनर क्लास फुल्ल आहे, थेट गेलो तर घेतात का? (शिकागो परिसर)

अंगणवेल

नमस्कार मंडळी,

आम्ही शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात राहतो. मुलगा १९ वर्षांचा आहे, कॉलेजच्या सुट्टीत घरी आलाय. गेल्या महिन्यात त्याने स्वतः साठवलेल्या पैशांतून एक जुनी कावासाकी निंजा ३०० घेतली. आम्हाला न विचारता. गाडी गराजमध्ये उभी आहे आणि किल्ली माझ्या देवघराच्या खणात.

बरीच बोलाचाली झाली, रडारड झाली. शेवटी असं ठरलं की तो राज्याच्या कार्यक्रमातला बेसिक रायडर कोर्स करेल, मीही त्याच्याबरोबर करेन, आणि त्याच्या हातात पास झाल्याचं कार्ड पडेपर्यंत गाडी गराजच्या बाहेर निघणार नाही. त्याने कबूल केलं. शब्दाचा पक्का आहे, पण सुट्टी संपत आली की त्याचा धीर सुटेल अशी मला भीती वाटते.

मी का करतेय, तेही सांगते. माझा थोरला भाऊ १९९७ साली कराडजवळ मोटारसायकलवरून गेला. त्याला गाडी कुणी शिकवलेली नव्हती. एका मित्राने मैदानात तासभर क्लच-गिअर दाखवलं, दुसऱ्या दिवशी तो हायवेला होता. पोलिसांनी बाबांना रस्त्यावर उमटलेली मागच्या चाकाची लांब काळी रेघ दाखवली होती. ती रेघ बाबा शेवटपर्यंत विसरले नाहीत. मुलाला नुसतं 'नको' म्हणून भागणार नाही हे मला कळतं. नीट शिकवतात म्हणजे काय शिकवतात, ते मला स्वतः बघायचं आहे.

अडचण अशी की आमच्या आसपासच्या सगळ्या सेंटरचे क्लास ऑगस्टअखेरपर्यंत भरलेले दिसताहेत. गणपतीच्या मीटिंगला एक जण म्हणाले, "नाव नसलं तरी पहिल्या दिवशी जाऊन उभे राहा, वॉक-इन घेतात." म्हणून विचारते :

१. हे खरं आहे का? कुणी असं जाऊन जागा मिळवली आहे का?
२. किती वाजता जायचं, सोबत काय न्यायचं?
३. आम्ही दोघं आहोत आणि जागा एकच निघाली तर?
४. मी ४७ वर्षांची, उंची पाच फूट. कराडला लूना चालवली, नंतर स्कूटी. गिअरची गाडी कधीच नाही. माझ्यामुळे वर्गातल्या इतरांचा खोळंबा होईल का?

---

रानवाट

ताई, घेतात. मागच्या जूनमध्ये मी असाच शिरलो.

आधी हे समजून घ्या की फुल्ल म्हणजे काय. मैदानावर एका कोचमागे सहाच विद्यार्थी चालतात. दोन कोच, बारा जण. त्यामुळे 'एक खुर्ची वाढवा' हे तिथे होत नाही, कितीही विनवलं तरी. पण नाव घातलेला माणूस आला नाही तर त्याची जागा रिकामी ठेवत नाहीत. आणि न येणारे असतातच. नोंदणीचे फक्त २० डॉलर, तेही कोर्स केला की परत. बाकीचा खर्च मोटारसायकलवाल्यांच्याच लायसन्स आणि रजिस्ट्रेशनच्या फीमधून निघतो. इतकं स्वस्त, त्यात आपल्याकडे बर्फामुळे हंगाम लहान, म्हणून लोक थंडीतच नाव घालून मोकळे होतात. जुलै येईपर्यंत कुणाचं लग्न निघतं, कुणाची शिफ्ट बदलते, कुणी विसरतो.

माझ्या सेंटरला शुक्रवारी संध्याकाळी ६ ला वर्ग होता, शनिवार-रविवार मैदान. मी ५ ला पोचलो तर दोघं आधीच दाराशी उभे. आम्ही आपसातच कागदावर क्रम लिहून ठेवला, पुढे तो वादाला उपयोगी पडला. ६ ला हजेरी झाली, तिघं गैरहजर. कोचने दारात येऊन विचारलं, "पहिले तीन कोण?" आम्ही आत. चौथ्याला सॉरी म्हणून परत पाठवलं.

खिडकी ती एवढीच, पहिल्या सत्राची हजेरी. शुक्रवार बसून कुणी शनिवारी गळाला तर ती जागा तुम्हाला मिळत नाही, कारण तुमचा शुक्रवार बुडालेला असतो. म्हणून शनिवारी सकाळी जाऊन उपयोग नाही.

आणखी एक. कोर्स पावसातही चालतो, वीज कडाडली तरच थांबवतात. वीकेंडला पावसाचा अंदाज असेल तर शुक्रवारीच गळती जास्त होते. तो शुक्रवार सोडू नका.

---

जुना_स्प्लेंडर

वरच्यात भर. आधी सेंटरला फोन करा. सगळ्यांचा नियम एक नसतो. काही ठिकाणी अभ्यासाचा भाग आधी ऑनलाइन करून त्याचं सर्टिफिकेट मागतात, ते नसलं तर जागा असूनही घेत नाहीत.

कपड्यांवरून परत पाठवलेले लोक मी डोळ्यांनी पाहिलेत. घोट्याच्या वर येणारे बूट, जीन्स, पूर्ण बाह्यांचा शर्ट, सगळी बोटं झाकणारे हातमोजे, डोळ्यांना चष्मा किंवा हेल्मेटची काच. चालू ड्रायव्हिंग लायसन्स. हेल्मेट बऱ्याच सेंटरला उसनं मिळतं. भारतातून आणलेलं आयएसआयचं हेल्मेट नेऊ नका, त्यावर बहुतेक वेळा डॉटची, म्हणजे अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या सुरक्षा-मानकाची, खूण नसते. इलिनॉयमध्ये रस्त्यावर हेल्मेटची सक्ती नाही हे ऐकून मुलगा काही बोलला तर सांगा, मैदानावर ते घातल्याशिवाय गाडीला हातही लावू देत नाहीत.

मी दहा वर्षं पुण्यात स्प्लेंडर चालवून इथे आलो. तिचे चारही गिअर खाली दाबून पडतात. इथल्या गाड्यांना पहिला खाली, बाकीचे वर. तुम्हाला गिअरची सवयच नाही, त्यामुळे मोडायलाही काही नाही. तेवढं तुमचं काम सोपं.

---

मैदानावरून

मी शेजारच्या राज्यात काही वर्षं रायडर कोच आहे, म्हणून लिहितो.

ताई, तुम्ही ती रेघ लिहिलीत ती वाचून थांबलो. १९८१ साली हॅरी हर्ट यांचा लॉस एंजेलिसमधल्या अपघातांवरचा अहवाल आला. ९०० अपघात त्यांच्या चमूने प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासले. त्यातले ९२ टक्के चालक तुमच्या भावासारखेच होते, स्वतःच शिकलेले किंवा घरच्यांनी, मित्रांनी शिकवलेले. आणि ऐनवेळी बहुतेकांनी काय केलं? मागचा ब्रेक करकचून दाबला, चाक घसरवलं आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरलाच नाही. तुमच्या भावाचं नेमकं काय झालं ते मी सांगू शकत नाही. पण त्याच्याकडे जे नव्हतं, ते शिकवण्यासाठीच हा कोर्स आहे.

आपल्याकडे लहानपणापासून ऐकवतात, 'पुढचा ब्रेक मारू नकोस, पालथा पडशील.' खरं तर गाडी थांबवण्याच्या ताकदीतला ७० टक्के किंवा त्याहून जास्त वाटा पुढच्या ब्रेकचा असतो. ब्रेक दाबला की वजन पुढे सरकतं, पुढचं चाक रस्त्याला घट्ट धरतं, मागचं हलकं होतं. हलक्या झालेल्या चाकाचा ब्रेक जोरात दाबला की ते घसरणारच. म्हणून आम्ही पुढचा ब्रेक चारही बोटांनी, झटका न देता, दाब वाढवत नेऊन मारायला शिकवतो. मागचा सोबत, हलका. हँडल सरळ. नजर वर, चाकाकडे नाही. हे पुन्हा पुन्हा करून घेतात, कारण संकटात माणूस विचार करत नाही, हाताला जी सवय असते तेच हात करतो.

सुरुवात मात्र याहून साधी असते. पहिला तासभर नुसता क्लच. क्लच अर्धा सोडला की गाडी जिथे ओढ घ्यायला लागते, ती जागा हाताला सापडेपर्यंत पाय जमिनीवर ठेवून पुढे-मागे डोलायचं. तुमचा चौथा प्रश्न इथेच सुटतो. वर्गात निम्मे लोक गिअरच्या गाडीवर पहिल्यांदाच बसलेले असतात. कोर्स त्यांच्यासाठीच आहे. सायकल चालवता येत असेल तर तोल तुमच्याकडे आहेच. गाड्या लहान असतात, साधारण १२५ ते २५० सीसी. सीट सगळ्यात खाली असलेली गाडी कोचकडे आधीच मागून घ्या, लाजू नका.

वॉक-इनबद्दल कोचच्या बाजूने सांगतो. हजेरीच्या वेळी मला दारात उभ्या माणसाचे कागद आणि बूट दोनच गोष्टी दिसतात. दोन्ही तयार असतील तर दोन मिनिटांत आत. 'बूट गाडीत आहेत, आणतो' म्हणणाऱ्यासाठी वर्ग थांबत नाही.

---

खरंसांगू

वेगळं मत. मुलगा १८ च्या पुढचा आहे, त्याला कोर्सची सक्ती नाही. लेखी आणि चालवायची परीक्षा थेट देऊन टाका, एक दिवसात काम. क्लासच्या दाराशी दर शुक्रवारी कशाला उभं राहायचं?

---

अंगणवेल

@खरंसांगू, सक्ती नाही हे मला माहीत आहे आणि मुलालाही माहीत आहे. म्हणूनच मी घाई करतेय. परीक्षेला लायसन्स मिळेल, पण शिकवणार कोण? पुन्हा एखादा मित्रच.

@मैदानावरून, तुमचा प्रतिसाद मी मुलाला वाचून दाखवला. मामाबद्दल मी त्याला इतकं कधी सांगितलं नव्हतं. तो काही बोलला नाही, पण रात्री विचारत होता की मामाची गाडी कुठली होती.

---

तळ्याकाठी

मी पाच फुटाला एक इंच कमी, कोर्स ५२ व्या वर्षी केला. दोन सूचना, दोन्ही अनुभवाच्या.

शनिवारी उपास असेल तर त्या दिवशी खाऊन जा. जुलैच्या उन्हात डांबरावर चार-पाच तास, अंगात पूर्ण बाह्या, डोक्यावर हेल्मेट. माझ्या शेजारची मुलगी नाश्ता न करता आली होती, दहा वाजता तिला चक्कर आली आणि तिचा कोर्स तिथेच संपला. पाण्याच्या दोन बाटल्या, थोडे दाणे-गूळ, केळं.

दुसरी. क्लच दाबून दाबून डाव्या हाताची बोटं रात्री मिटत नाहीत, दुसऱ्या दिवशी तोच हात परीक्षेला लागतो. आतापासून मऊ चेंडू दाबायची सवय करा. परीक्षेत गाडी पाडली तर तिथेच नापास, म्हणून घाई करू नका. अडखळलात, पाय टेकला तर थोडे गुण जातात, एवढंच.

---

रानवाट

ताई, तिसरा प्रश्न राहिलाच. क्रमाने दोघांचीही नावं लावा, पण जागा एकच निघाली तर कोण आत जाणार हे घरून ठरवून निघा. दारात ठरवायला वेळ मिळत नाही, मागे पुढचा नंबर उभा असतो. माझ्या मते मुलगा. किल्ली त्याच्यासाठी अडलीय.

---

अंगणवेल (तीन आठवड्यांनी)

सगळ्यांचे आभार. काय झालं ते लिहिते, पुढे कुणाला उपयोग होईल.

पहिल्या शुक्रवारी आम्ही सव्वापाचला पोचलो, आमच्या आधी चौघं. दोनच जागा निघाल्या. परत आलो. मुलगा वाटेत म्हणाला, "आई, याला काही अर्थ नाही." मी गाडी चालवत राहिले.

दुसऱ्या शुक्रवारी शनिवार-रविवारचा पावसाचा अंदाज होता. आम्ही साडेचारलाच बूट-मोजे चढवून, ऑनलाइन भागाचं सर्टिफिकेट छापून उभे. फोनवर त्यांनी ते लागेल असं सांगितलं होतं. पहिला नंबर मुलाचा, दुसरा माझा. एक जण सहाला पाच कमी असताना धावत आला आणि त्याची जागा वाचली. एकच जागा उरली. घरून ठरल्याप्रमाणे मुलगा आत गेला. दारातून त्याने मागे वळून पाहिलं, मी हात केला.

रविवारी मी मैदानापलीकडच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून होते. जवळ उभं राहू देत नाहीत, तेही योग्यच. रिमझिम चालू होती. तातडीने थांबायची कसरत आली तेव्हा काच खाली केली. तो आला, कोचने हात वर केला, गाडी पुढे थोडी दबली आणि सरळ उभी राहिली. मी उगाचच त्याच्या मागच्या ओल्या डांबराकडे बघत होते. तिथे काही नव्हतं.

पास झाला. किल्ली दिली. दोन आठवडे फक्त दिवसा आणि फक्त आमच्या वस्तीतल्या रस्त्यांवर, हे त्याने स्वतःहून सांगितलं.

माझी जागा अजून मिळालेली नाही. येत्या शुक्रवारी पुन्हा जाणार आहे, तो सोबत येतोय. रांगेत मी पहिली असावी म्हणून चारलाच निघायचं म्हणतो. तळ्याकाठी, एक विचारायचं राहिलं : माझ्या हाताला इथले हातमोजे सगळे मोठे होतात, बोटांची टोकं रिकामी राहतात आणि क्लचवर अडकतात. तुम्ही लहान मापाचे कुठून घेतलेत?