जुन्या ब्रँडेड पर्सची खरेदी-विक्री : सीमाभागातले अनुभव

बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी पट्ट्यात वापरलेल्या लुई व्हिटॉन, शनेल, कोच वगैरे पर्स घेऊन विकणाऱ्यांनी इथं लिहावं. कमाई किती झाली ते नको. माल कसा ओळखता, कसा ठेवता, कुठं फसायला होतं, तेवढं सांगा.

टिळकवाडी
लुई व्हिटॉनची 'स्पीडी' आली की आधी तिची दुसरी बाजू बघा. मोनोग्राम (LV अक्षरांची नक्षी असलेल्या) स्पीडीचं कापड तळाशी न जोडता सलग असतं, त्यामुळं एका बाजूची अक्षरं उलटी येतात. गिऱ्हाईक नेमकं हेच बघून 'डुप्लिकेट' म्हणतं! दोन्ही बाजू सुलट असतील तर खरी शंका घ्यायची. आत दोन अक्षरं, चार आकडे असा कोड असतो. २००७ पासूनच्या मालात पहिला-तिसरा आकडा आठवडा, दुसरा-चौथा साल. ११२० म्हणजे २०१०चा १२वा आठवडा. आठवडा ६० निघाला तर पर्स तिथंच परत द्या. पण कोड जुळला म्हणून माल अस्सल ठरत नाही, आकडे कुणालाही छापता येतात. २०२१ मध्ये कोड बंद होऊन चिप आली, तेव्हा नव्या पर्समध्ये कोड नाही म्हणून घाबरू नका.

खानापूर
आमच्याकडं खरा शत्रू पाऊस. जून ते सप्टेंबर पर्स प्लास्टिकच्या पिशवीत कोंडली की बुरशी आलीच. सुती उशीचा अभ्रा घ्या, आत कोरा पांढरा कागद भरा (वर्तमानपत्राची शाई अस्तराला लागते) आणि सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाका. निळे दाणे गुलाबी झाले की बदला. बुरशी दिसलीच तर कोरड्या फडक्यानं घराबाहेर पुसा, नंतर सावलीत वारा द्या. उन्हात टाकलं की चामडं तडकतं. जुन्या पर्सचा आतला खिसा चिकट लागतो, तो घाम नव्हे. दमटपणानं अस्तरावरचा थर सुटायला लागलेला असतो. त्याला पावडर लावून झाकणारे आहेत, आठवड्यात परत चिकटतं. अस्तर बदलणं हाच उपाय, आणि बदललं की भाव उतरतो.

अथणी
शिवण उसवली तर आमच्याकडचे चपला करणारे कारागीर हातानं झकास घालून देतात. एकच सांभाळा : तेल लावू देऊ नका. व्हिटॉनचे फिकट पट्टे म्हणजे हिरडा-बाभळीसारख्या वनस्पतींच्या रसात कमावलेलं, वरून काही न लावलेलं चामडं. जात आपल्या कोल्हापुरीचीच. चपलेला तेल मानवतं. इथं मात्र तेल पडलं की काळा डाग, तो निघत नाही. पाण्याचा थेंबही उमटतो. ते पट्टे वापरानं आपोआप मधाच्या रंगाचे होतात, तो रंग घासून काढायला जाऊ नका.

निपाणी
जीएसटीचं कुणी बोललं नाही. मालाच्या वर्षाच्या ४० लाखांपर्यंतच्या उलाढालीला नोंदणीतून सूट आहे म्हणून धंदेवाले निवांत असतात. ती राज्यातल्या राज्यात. बेळगावातून ५०० किलोमीटरवर बेंगळूरूला पार्सल गेलं तर राज्यातलं, आणि शेजारच्या, पण महाराष्ट्रातल्या शिनोळीला गेलं तर आंतरराज्य, म्हणजे पहिल्या पर्सपासून नोंदणी! घरातली स्वतःची जुनी पर्स विकणं वेगळं. जुन्या मालाला नियम ३२(५) लावला तर कर फक्त खरेदी-विक्रीतल्या फरकावर बसतो. पण खरेदीवरचं इनपुट क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) घेतलेलं नसावं, आणि मालात किरकोळ डागडुजीपलीकडं बदल नसावा. तोट्यात गेलेल्या पर्सवर काही नाही. त्यासाठी प्रत्येक पर्सची खरेदीची चिठ्ठी जपा.

शहापूर
चिठ्ठीवर मालकाची सही, कोड, चारही कोपऱ्यांची अवस्था आणि तारीख हवी. नकली पर्स 'फर्स्ट कॉपी' (हुबेहूब नक्कल) सांगून विकली तरी सुटका नाही बरं का. ट्रेडमार्क कायदा, १९९९ प्रमाणं ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड.

टिळकवाडी
खानापूरवाल्यांना जोड : डांबराच्या गोळ्या टाकू नका. वास अस्तरात बसतो, पर्स परत येते.