मदत हवी आहे: कॅम्परव्हॅनचा एबीएस दिवा सेन्सर बदलूनही जात नाही (नाशिक)

सावलीखालची_व्हॅन

नमस्कार मंडळी.

आमच्या कॅम्परव्हॅनच्या मीटरमध्ये एबीएसचा (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय) पिवळा दिवा लागतोय आणि चाकाचा वेग मोजणारा सेन्सर नवा टाकला तरी तो जायचं नाव घेत नाही. गॅरेजवाल्याचं आता म्हणणं असं, की "मॅडम, ब्रेक तर लागतायत ना? दिव्याची वायर काढून टाकतो, डोक्याला ताप नको." ते मला मुळीच करायचं नाही. दिवा विझायला हवा, पण तो ज्या कारणानं लागतोय ते दुरुस्त होऊन. आज वायर काढली तर उद्या खरंच काही बिघडेल तेव्हा गाडी मला सांगणार कशी?

गाडी जुनी घेतलेली डिझेल व्हॅन, मूळची १३ सीटर. अंबडला एका फॅब्रिकेटरकडून आत पलंग, छोटा ओटा, सिंक, खाली पाण्याची टाकी आणि दिवे-पंख्यासाठी वेगळी बॅटरी बसवून घेतली आहे. ब्रेक पुढे डिस्क, मागे ड्रम.

आता लक्षणं नीट सांगते, कारण गॅरेजमध्ये कुणी ती पूर्ण ऐकून घेत नाही. चावी फिरवली की मीटरमधले सगळे दिवे लागतात आणि एबीएसचा दिवा बाकीच्यांबरोबर विझतो. गाडी उभी आहे तोवर काही नाही. कॉलनीतून बाहेर पडून गाडीनं जरा वेग घेतला की दिवा लागतो, आणि मग इंजिन बंद करेपर्यंत जात नाही. पुन्हा चालू केली की पहिल्यापासून तेच. पाऊस असो की कोरडं, टाकी भरलेली असो की रिकामी, काही फरक नाही.

दुसरी गोष्ट याच्याशी जोडलेली आहे की वेगळी, ते कळत नाही. गोलात उद्गारचिन्ह असलेला लाल दिवा अधूनमधून क्षणभर लागून जातो. द्वारका सर्कलला जोरात ब्रेक मारला तेव्हा लागला, पाथर्डी फाट्याला वळण घेताना लागला. हँडब्रेक पूर्ण खाली असतो. पेडल कडक आहे, गाडी ओढत नाही.

आधी काय काम झालं तेही सांगते. पुढच्या डाव्या चाकातून घूं घूं आवाज यायचा, म्हणून त्याचं बेअरिंग बदललं. आवाज गेला. पिवळा दिवा त्यानंतरचा आहे. मिस्त्रींना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, बेअरिंगचा आणि दिव्याचा काय संबंध, काढताना सेन्सर दुखावला असेल. म्हणून त्याच चाकाचा सेन्सर बदलला. तरी दिवा आहे तिथेच. घरी ब्लूटूथवर चालणारा स्वस्त स्कॅनर आहे, त्यात बिघाडाचा एकही कोड दिसत नाही.

घाई अशासाठी, की सासूबाईंना सप्तशृंगी गडावर न्यायचं आहे आणि तिथून पुढे सापुताऱ्याला मुक्काम करायचा बेत आहे. नांदुरीपासून वर गडापर्यंतचा घाट तुम्हाला माहीतच आहे. भरलेली जड गाडी, मागे म्हातारं माणूस आणि मीटरमध्ये ब्रेकचा दिवा, असं मी उतरणार नाही.

तर नवा सेन्सर टाकूनही दिवा राहतो म्हणजे दोष नक्की कुठे शोधायचा? लाल दिव्याचा याच्याशी संबंध आहे का? आणि ही गाडी आत्ता शहरात चालवणं बरोबर आहे का, की उभीच ठेवू?

---

रानवाटा

ताई, लाल दिवा आधी बघा. पिवळ्याचं नंतर.

पिवळा एबीएस दिवा एकटाच लागलेला असेल तर साधा ब्रेक तुमच्याकडे शाबूत असतो. फक्त ओल्या रस्त्यावर जोरात दाबला तर चाक जाम होऊ न देणारी सोय बंद असते. लाल दिवा हँडब्रेकसाठी आणि ब्रेक ऑइलची पातळी खाली गेली तर लागतो. एबीएसचं युनिटच (त्याचा कंट्रोल बॉक्स) बिघडलं तर बऱ्याच गाड्यांत लाल आणि पिवळा दोन्ही एकदम लागून राहतात. तसं झालं तर गाडी बाजूला घ्या, कारण तेव्हा पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी व्यवस्थाही बंद असू शकते आणि मागची चाकं आधी जाम होतात.

तुमचा लाल दिवा वळणावर आणि ब्रेक मारताना क्षणभर लागतोय, याचा अर्थ ब्रेक ऑइल बहुधा खालच्या खुणेजवळ आलंय. ब्रेक ऑइलच्या बाटलीत एक तरंगता फ्लोट असतो. ऑइल हिंदकळलं की तो खाली जातो आणि दिवा लागतो. बॉनेट उघडा, गाडी सपाट जागेवर हवी, आणि पातळी बघा.

पण कमी दिसली म्हणून लगेच भरू नका. पॅड झिजले की कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) पिस्टन बाहेर येतो आणि तेवढं ऑइल बाटलीतून खाली उतरतं. म्हणजे कमी पातळी बऱ्याचदा पॅड संपत आल्याचीच खूण असते. वरून ऑइल भरलंत तर ती खूण पुसली जाते, आणि नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला की जास्तीचं ऑइल बाहेर सांडतं. ते रंगावर पडलं तर रंग उचलतं. पॅड जाड असूनही पातळी कमी असेल तर गळती शोधायची: चारी चाकांच्या आतल्या बाजू, पाइपांचे सांधे, आणि मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा भाग) मागे, जिथे तो बूस्टरला (पेडलचा जोर वाढवणारा डबा) जोडलेला असतो.

पेडलची तपासणी घरी होते. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाचदा दाबा, मग जोरात दाबून धरून ठेवा. ते हळूहळू खाली बसत गेलं तर गाडी हलवू नका. बसलं नाही, तर तसंच दाबून ठेवून इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली गेलं म्हणजे बूस्टर काम करतोय.

---

तारजोडणी

नमस्कार ताई. मी वायरिंगचं काम करतो, म्हणून फक्त पिवळ्या दिव्याबद्दल लिहितो.

तुम्ही लक्षणं इतकी नीट लिहिली आहेत की अर्धं निदान त्यातच आहे. एबीएसचं युनिट चावी फिरवल्याबरोबर सेन्सरची वायर तुटली आहे का, शॉर्ट आहे का, हे तपासतं. तसा दोष असता तर दिवा उभ्या गाडीतच लागून राहिला असता. तुमचा दिवा आधी विझतो आणि गाडी हलल्यावर लागतो. म्हणजे वायर आणि सेन्सर युनिटला ठीक वाटतात, पण चाक फिरायला लागल्यावर एका चाकाकडून वेगाचा सिग्नलच येत नाही, किंवा तो बाकी तिघांशी जुळत नाही.

आता बेअरिंग. मिस्त्रींनी जे विचारलं, बेअरिंगचा काय संबंध, तिथेच माझा संशय आहे. जुन्या गाड्यांत हबवर (ज्यावर चाक बसतं तो भाग) किंवा अॅक्सलवर दातेरी लोखंडी रिंग असायची आणि सेन्सर तिचे दात मोजायचा. आता बऱ्याच गाड्यांत ती रिंग नसते. बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते, तिच्यावर उत्तर-दक्षिण ध्रुव आलटूनपालटून असतात, आणि सेन्सर ते वाचतो. असं बेअरिंग उलटं बसलं तरी ते प्रेसमध्ये (दाब देऊन भाग बसवणारं यंत्र) व्यवस्थित बसतं, चाक गुळगुळीत फिरतं, आवाजही येत नाही. फक्त चुंबकाची बाजू बाहेर जाते आणि सेन्सरसमोर साधं सील येतं. मग सेन्सर कितीही नवा टाका, त्याला वाचायला काही मिळत नाही.

दुसरी शक्यता म्हणजे चुंबकीय पट्टी नसलेलं साधं बेअरिंग मिळालं आणि तेच बसवलं. आकार तोच असतो, त्यामुळे दुकानात असा घोटाळा होतो.

याची खात्री करायला काही खोलायची गरज नाही. एबीएस वाचणारा स्कॅनर असलेल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा. तुमच्याकडचा स्वस्त स्कॅनर बहुधा फक्त इंजिनचे कोड वाचतो, जे पी अक्षरानं सुरू होतात. ब्रेकचे कोड सी नं सुरू होतात. पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचा प्रमाणित कोड सी००३५ आहे, पण कंपन्या स्वतःचेही कोड वापरतात, म्हणून कोडवर थांबू नका. लाइव्ह डेटा लावून गाडी हळू चालवा. स्क्रीनवर चारी चाकांचे वेग वेगवेगळे दिसतात. तीन चाकं २० दाखवतायत आणि पुढचं डावं शून्यावर बसलंय, असं दिसलं की विषय संपला.

एक विनंती. कुणी मल्टीमीटर लावून सेन्सरचा रेझिस्टन्स मोजायला लागलं तर आधी विचारा सेन्सर कुठला आहे. जुन्या कॉइलवाल्या सेन्सरला हजार ओहमच्या आसपास आकडा येतो आणि तो उपयोगी असतो. नव्या सेन्सरमध्ये इलेक्ट्रॉनिक्स असतं, त्याला युनिटकडून व्होल्टेज मिळाल्यावरच तो काम करतो. त्याचा ओहममधला आकडा काही सांगत नाही, उलट मोजताना तो खराब होऊ शकतो.

---

फिरस्ती_१५

ताई, आमचीही व्हॅन कॅम्पर करून घेतलेली आहे. बेअरिंगचं पटतंय, पण दोन गोष्टी लगे हात बघून घ्या, कारण साध्या गाडीत त्या नसतात.

पलंग आणि ओटा बसवताना फरशीतून स्क्रू मारतात. मागच्या चाकांच्या सेन्सरची वायर खालून चॅसीला धरून गेलेली असते. गाडी रॅम्पवर घेतली की टॉर्चनं खालून प्रत्येक स्क्रूचं टोक बघा, कुठे वायरला टेकलंय का.

आणि अर्थिंग. दुसऱ्या बॅटरीची, इन्व्हर्टरची निगेटिव्ह वायर गाडीच्या मूळ अर्थ पॉइंटवरच जोडली असेल तर ती वेगळी घ्या. युनिटला मिळणारं व्होल्टेज १० च्या आसपास घसरलं की एबीएस स्वतःला बंद करून दिवा लावतं. इन्व्हर्टर पूर्ण बंद ठेवून एक चक्कर मारून बघा.

घाटाचं म्हणाल तर दोन्ही दिवे निस्तरल्याशिवाय गडावर जाऊ नका, हे तुमचं बरोबरच आहे. दुरुस्तीनंतरही ब्रेक ऑइल किती जुनं आहे ते विचारा. ते हवेतली ओल ओढून घेतं. डॉट ४ प्रकारचं ब्रेक ऑइल नवं असताना २३० अंशांपर्यंत तरी उकळत नाही, ओल धरलेलं १५५ ला उकळू शकतं. उतारावर सतत ब्रेक दाबून गरम झाला की त्यात वाफ होते आणि पेडल एकदम मऊ पडतं. दोन वर्षं होऊन गेली असतील तर बदलूनच घ्या. कसारा घाट असो, राहुड घाट असो की गड, ज्या गियरनं चढला असता त्याच गियरनं उतरा. तुमची पाण्याची टाकीही वर जाताना अर्धीच भरा, १०० लिटर म्हणजे १०० किलो वजन आहे.

---

सावलीखालची_व्हॅन

सगळ्यांचे मनापासून आभार. रानवाटादादा, तुम्ही सांगितल्यावर बॉनेट उघडलं. ऑइल खालच्या खुणेच्या अगदी जवळ आहे. चाक काढून पॅड बघितले तर बाहेरचा ठीक वाटतो, आतला पार पातळ झालाय. बाहेरून चाकाच्या फटीतून बघितलं असतं तर कळलंच नसतं. गळती कुठे दिसत नाही आणि पेडल दाबून धरल्यावर खाली बसत नाही.

इन्व्हर्टर बंद ठेवूनही पिवळा दिवा लागला. मग अंबडला एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेले आणि लाइव्ह डेटा दाखवा म्हणून सांगितलं. ते बाजूच्या सीटवर स्कॅनर घेऊन बसले, मी गाडी चालवली. तारजोडणीदादा, तुम्ही लिहिलं अगदी तेच. तिन्ही चाकांचे आकडे बरोबरीनं वर जात होते, पुढच्या डाव्याचा शून्यावरून हललाच नाही. त्यांनी वायरचा कपलर (जोड) काढून सेन्सरला युनिटकडून व्होल्टेज येतंय हेही तपासलं. ते येतंय.

म्हणजे आता ते बेअरिंग काढावंच लागणार. पहिले मिस्त्री म्हणतायत, आणा, काढून उलटं करून त्यातच बसवून देतो, नव्याचा खर्च कशाला. तसं चालेल का?

---

तारजोडणी

नाही चालणार ताई. प्रेसनं काढताना सगळा जोर आतल्या गोळ्यांवरून जातो आणि त्यांच्या मार्गावर वळ उठतात. तेच बेअरिंग पुन्हा बसवलं तर थोड्याच दिवसांत तो घूं घूं आवाज परत येईल. नवंच घ्या.

घेताना दुकानातच तपासा. दोन्ही बाजूंची सीलं बघा. चुंबकीय बाजू बऱ्याचदा काळपट किंवा तपकिरी, सपाट असते. कागदावर थोडा लोखंडाचा बारीक कीस घ्या आणि कागद सीलवर धरा. चुंबकाची बाजू असेल तर किसाच्या जवळजवळ रेघा उमटतात. कीस कागदाखाली जाऊ देऊ नका, आणि ते बेअरिंग स्पीकरजवळ किंवा चुंबकी ट्रेमध्ये ठेवू नका, पट्टी खराब होते.

बसवताना ती बाजू आत, सेन्सरकडे. नकलमध्ये (बेअरिंग ज्या लोखंडी भागात बसतं तो) बसवताना प्रेसचा जोर बाहेरच्या रिंगवर द्यायला सांगा, आतल्या रिंगवर नाही. हबचा नट नवा टाका आणि टॉर्क पान्यानंच (किती जोरानं आवळलं ते मोजणारा पाना) आवळून घ्या. सेन्सरच्या भोकातली गंज-धूळ पुसून मगच सेन्सर बसवा. काम झाल्यावर कोड पुसून घ्या आणि थोडी गाडी चालवा. काही गाड्यांत युनिटला चारी चाकांचा सिग्नल प्रत्यक्ष मिळाल्यावरच दिवा विझतो, त्यामुळे रॅम्पवर तो लागलेला दिसला तर घाबरू नका.

---

रानवाटा

आतलाच पॅड झिजलाय म्हणजे बहुधा कॅलिपरच्या सरकत्या पिना जाम आहेत. चाक खोललेलंच असेल, तर पिना साफ करून त्यांना ब्रेकचंच ग्रीस लावून घ्या, साधं ग्रीस नको, त्यानं रबर फुगतं. आणि पॅड दोन्ही चाकांचे बदला, एकाच चाकाचे बदलले तर गाडी ब्रेक मारताना एका बाजूला ओढेल.