अनुभव धागा: समोरचा माणूस नक्की तोच आहे का?

तलावपाळीकर
‘खून कोणी केला’पेक्षा ‘हा माणूस मुळात आहे कोण’ असं विचारणाऱ्या गूढकथा मला जास्त छळतात. त्यातही छडा लावणाराच झपाटत गेला तर विचारायलाच नको. राजा परांजपे यांचा १९६४ चा ‘पाठलाग’ घ्या. वकिलाची बायको वारलेली, आणि आरोपी म्हणून पकडलेली बाई हुबेहूब तिच्यासारखी. वर म्हणते, मीच तुमची बायको. (१९६६ चा ‘मेरा साया’ यावरूनच.) ‘पाठलाग’ टीव्हीवर लागला की आई म्हणायची, “एवढा संसार केला आणि बायको ओळखायला कोर्ट लागतं होय याला!” वकील झाले होते काशिनाथ घाणेकर; आमच्या ठाण्यातल्या डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहाची पाटी दिसली की मला त्यांच्या ‘अश्रूंची झाली फुले’ नाटकातल्या लाल्याआधी तो भांबावलेला वकील आठवतो.

तुमचं येऊ द्या. वाचलेलं, पाहिलेलं, घरात घडलेलं. शेवट फोडू नका.

शिसपेन्सिल
आमच्या वाचनालयातल्या रहस्यकथांच्या समासात कोणीतरी पेन्सिलीनं लिहायचं. बारीक, डावीकडे झुकलेलं अक्षर. ‘डॉक्टरवर लक्ष ठेवा.’ ‘ही रडताना आरशात का बघते?’ तर्क बहुतेकदा चुकायचे, पण नजर भलतीच. खून राहिला बाजूला, हा माणूस पात्रांचे हात बघत बसायचा. लेखक बघून पुस्तक घेणं मी सोडलंच. कपाटापाशी उभ्यानं पानं चाळायची, पेन्सिल दिसली की पुस्तक काखेत. मनातल्या मनात मी त्याला रेल्वेतून रिटायरही करून टाकलं. काउंटरवरच्या काकांना विचारलं, हे कोण लिहितं? ते चष्म्यावरून बघत म्हणाले, “तुम्हाला पुस्तक बदलायचंय की माणूस शोधायचाय?”

मग मीही खाली प्रश्न लिहायला लागलो. एकाला उत्तर आलं: ‘आधी तुम्ही कोण ते सांगा.’ पुढे पुस्तकांवर ‘लिहिणाऱ्यास दंड’ असा शिक्का बसला आणि पेन्सिल थांबली. रेल्वेवाल्याला अर्थातच पुरावा नाही. कॉलेजातली मुलगीही असेल.

ट्रान्सहार्बर
ठाणे-वाशी लोकलमध्ये रोज समोर बसणारे एक गृहस्थ मी हेर ठरवले होते. कळलं की कोपरखैरण्यात गणिताचे क्लास घेतात. मला अजून पटलेलं नाही.

नेरुळची ऋजू
आमच्या घरातली गोष्ट. आजीला विस्मरणाचा आजार होता. एका सकाळी ती काकाकडे बघून मला कुजबुजत म्हणाली, “हा आपला बाळू नाही गं. त्याच्यासारखा केलाय कोणीतरी.” नातवंडं ओळखायची, शेजारीण ओळखायची, संशय फक्त काकावर. आणि तपास किती चोख! लहानपणी पाटा पडून त्याच्या अंगठ्याला झालेला व्रण तिनं मागून बघितला. व्रण होताच. तर म्हणे, “बघ, यांनी तोसुद्धा सोडला नाही.” पुरावा जितका पक्का, तितका कट मोठा.

डॉक्टरांनी सांगितलं, याला कॅपग्रास म्हणतात. १९२३ मध्ये ज्या फ्रेंच मनोविकारतज्ज्ञांनी याचं वर्णन केलं त्यांच्यापैकी एकाचं नाव. चेहरा ओळखू येतो, पण आपल्या माणसाला बघून जे आतून हलतं ते हलत नाही, मग मेंदू त्याचा असा अर्थ लावतो, अशी त्याची एक उपपत्ती आहे. आवाजाला मात्र हे लागू होईलच असं नाही. म्हणून काका गॅलरीत जायचा, दार ओढून घ्यायचा आणि तिथून लँडलाइनवर फोन करायचा. आजी फोनवर खुलायची. “बाळू, लवकर ये रे, घरात कोणीतरी शिरलंय.” काका म्हणायचा, “येतो, तू जेवून घे.” मग ती जेवायची.

काका रहस्यकथांचा पक्का वाचक. आजी गेल्यावर कपाटातला गठ्ठा त्यानं मला दिला.

तलावपाळीकर
ऋजू, यावर काय लिहावं कळत नाही. काकांना नमस्कार सांग.

खारघर_सेक्टर
वेगळा सूर लावते. कथेत मागे लागणाऱ्याच्या डोक्यात आपल्याला बसवतात, आणि त्याचं झुरणं देखणं करून दाखवतात. माझ्या मागे खोट्या नावाचं प्रोफाइल लागलं होतं. मी कुठल्या रंगाचा कुर्ता घालून स्टेशनला उतरले हे रात्री मेसेजमध्ये यायचं. मला ‘कोण’ हे कोडं सोडवायचं नव्हतं, मला झोप हवी होती. तक्रार केल्यावर नाव कळलं. ओळखीतलाच निघाला, आईच्या हातची पुरणपोळी खाऊन गेलेला. कंटाळवाणा माणूस. त्याच्यावर कादंबरीचं एक पानही भरणार नाही. अशी कथा कोणी पाठलाग होणाऱ्या बाईच्या बाजूनं लिहिली असेल तर वाचीन.

शिसपेन्सिल
पटलं. वरचं माझं लिहिलेलं आता जरा वेगळंच वाचायला येतंय.

कळव्याचा पंत
आपल्याकडची मोठी गूढकथा इतिहासात पडलीय: भाऊसाहेबांचा तोतया. १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण लोकांच्या मनातून शंका जाईना. मग एकजण ‘मीच भाऊ’ म्हणून उभा राहिला. कैदेतून सुटल्यावर कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांनी यावर नाटक लिहिलं.

मला तोतयापेक्षा त्याला मानणारे जास्त कोड्यात टाकतात. भाऊंना जवळून पाहिलेली माणसं तेव्हा हयात होती. सगळेच फसले म्हणायचं, की काहींना फसायचंच होतं, आणि काहींची त्यात सोय होती? आणि भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई! नवरा गेला हे त्यांनी मानलंच नाही, असं सांगतात. वाड्यात तोतयाची बातमी येते तेव्हा त्यांच्या मनात काय झालं असेल? खारघर, ही बहुधा तुम्ही म्हणता ती बाजू. कोणी लिहिली असेल तर नाव टाका, शनिवारी वाचनालयात जातोच आहे.